रिफंडवाला पसार, नोटीस घरात

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण तुमच्या घरात कुणी कंपनीत, शाळेत, एसटीत किंवा महापालिकेत पगारावर असेल आणि गेल्या तीन-चार वर्षांत "एवढा रिफंड आला कसा बुवा?" असं वाटण्याइतका इन्कम टॅक्सचा रिफंड आला असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मी नाशकात सिडकोत कर सल्लागार म्हणून काम करतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली माणसं हीच माझी मुख्य गिऱ्हाइकं. दिवाळी झाल्यापासून दिवसाआड कुणीतरी येतं आणि न बोलता मोबाईल पुढे करतं. मेसेज इंग्रजीत असतो आणि अर्थ एकच, तुमच्या रिटर्नमधली वजावट तपासून बघा. पुढचं वाक्य ठरलेलं, "साहेब, मी काही केलं नाही. आमच्याकडे एक जण यायचा, तो सगळ्यांचं भरायचा."

हा 'एक जण' शिफ्ट सुटताना गेटवर उभा असतो. कधी तो आपल्याच डिपार्टमेंटमधल्या कुणाचा तरी मेव्हणा असतो. फॉर्म १६ द्या, आधारचा ओटीपी सांगा, रिफंड आला की दहा-पंधरा टक्के माझे. रिफंड खरंच येतो. मग पेढे वाटले जातात आणि पुढच्या वर्षी गेटवर रांग लागते.

त्यानं भरलं काय, हे कुणीच बघत नाही. परवा एका शिक्षिकाबाईंचं रिटर्न पोर्टलवर उघडलं. त्यांच्या नावावर एका राजकीय पक्षाला दीड लाखाची देणगी! पक्षाचं नाव वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हा पक्ष कुठला?" कलम ८०जीजीसीखाली नोंदणीकृत पक्षाला रोख सोडून दिलेली देणगी पूर्ण वजा होते. एजंट लोकांना ही मोठीच सोय झाली. नोंदणी आहे पण निवडणूक लढवत नाहीत, अशा पक्षांना तोटा नाही. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांची नोंदणी निवडणूक आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. बाकीचे प्रकारही नेहमीचेच. भाडं भरता सात हजार, दाखवलं अठरा हजार. घरात कुणी अपंग नाही, पण अपंगत्वाची सूट घेतलेली. नसलेलं शैक्षणिक कर्ज.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी असल्या दलालांवर एकाच वेळी कारवाई केली. महाराष्ट्र त्यात होताच. खात्यानं तेव्हा सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. त्याच निवेदनातली एक गोष्ट मात्र मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. हे दलाल रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल आयडी काढतात आणि नंतर सोडून देतात. म्हणजे नोटीस निघते, पोहोचते, आणि ज्याच्यासाठी आहे त्याला पत्ताच नसतो. म्हणून आज घरी गेल्यावर आधी पोर्टलवर लॉगिन करा आणि ईमेल, मोबाईल तुमचाच आहे का ते बघा.

आता कडू भाग. "मला माहीत नव्हतं" हे ऐकून मला वाईट वाटतं, पण कायद्यापुढे ते फारसं चालत नाही. रिटर्न तुमच्या पॅनवर, ओटीपी तुमचा, पैसे तुमच्या खात्यात. खोटी वजावट म्हणजे उत्पन्न चुकीचं दाखवणं, आणि कलम २७०ए खाली त्याचा दंड कराच्या २०० टक्के.

हिशोब करून दाखवतो. दीड लाखाची खोटी देणगी, २० टक्क्यांचा स्लॅब, सेस धरून वाचलेला कर ३१,२०० रुपये. त्यातले चार हजार एजंटनं नेले म्हणू. पकडलं गेलं की कर ३१,२००, दंड ६२,४००, झाले ९३,६०० आणि वर व्याज. खटल्याची तरतूद आहे ती वेगळीच.

स्वतःहून गेलात तर रस्ता आहे, त्याचं नाव अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू. २०२२ पासून ही सोय आहे. पूर्वी मुदत दोन वर्षांची होती, २०२५ च्या अर्थसंकल्पानं ती चार वर्षं केली. कर आणि व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्यावर जादा कर भरायचा. कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. शिक्षिकाबाईंची देणगी २०२२-२३ या आर्थिक वर्षातली, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलं तर त्या ५० टक्क्यांत बसतात. व्याज सोडून ४६,८००. ९३,६०० च्या बरोबर निम्मे. ३१ मार्च २०२६ नंतर प्रत्येक जुनं वर्ष एक पायरी वर, आणि २०२०-२१ चं दार तर कायमचं बंद. २०२४-२५ च्या रिटर्नचं आणखी सोपं. ते साधं सुधारण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५, तोवर जादा कराचा प्रश्नच नाही. मात्र एखाद्या वर्षाची छाननी सुरू झाली, की त्या वर्षापुरता हा रस्ता संपला.

इथपर्यंत सरकारचं बरोबर आहे असं मी म्हणेन. पण एक गोष्ट मला खटकते, आणि ती आपल्या लोकप्रतिनिधींनी कुठेतरी मांडावी म्हणून इथे लिहितोय.

आयटीआर-यू भरायचा तर सगळी रक्कम आधी, एकरकमी भरावी लागते. हप्ता नाही. अंबडच्या एका ऑपरेटरची तीन वर्षं निस्तरायची आहेत आणि बेरीज दीड लाखाच्या वर जाते. रिफंडचे पैसे केव्हाच मुलीच्या डिप्लोमाच्या फीत गेले. तो मला विचारतो, "पगारातून महिन्याला आठ-दहा हजार घ्या म्हणावं." नाही घेत. उलट जो गप्प बसला, पकडला गेला, ज्याच्यावर डिमांड निघाली, त्याला कलम २२०(३) खाली अधिकाऱ्याकडे हप्त्यांसाठी अर्ज करता येतो! मिळतीलच असं नाही, पण मागता तरी येतात. स्वतःहून आलेल्याला मागायचीही सोय नाही. हा कुठला न्याय?

आणि जुन्या लोकांना १९९७ ची स्वेच्छा प्रकटीकरण योजना आठवत असेल. काळा पैसा दाखवा, ३० टक्के कर भरा, व्याज नाही, दंड नाही, खटला नाही. २०१६ च्या योजनेत सगळं मिळून ४५ टक्के होते आणि तेही हप्त्यांत भरता येत होते. पेट्या भरून ठेवणाऱ्यांना जे जमवून दिलं, ते लेथवर उभ्या असलेल्या माणसाला का नको?

दुसरा प्रश्न मदतीचा. रिटर्न भरून द्यायला पाचशे रुपयांत गल्लोगल्ली माणूस मिळतो. नोटीस आली की तोच म्हणतो, "ते माझं काम नाही." मग माणूस मोठ्या ऑफिसात जातो, तिथली फी ऐकून परत येतो आणि तिसऱ्याच्या हाती सापडतो. हा तिसरा म्हणतो, "मागच्या तारखेची पावती आणून देतो," किंवा "आत ओळख आहे, रोख द्या, मिटवतो." त्याच्या नादी लागू नका. आजची तपासणी ऑनलाइन, चेहरा न बघता होते. समोरचा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय हे मलाही कळत नाही. ओळख कुणाशी काढणार? आणि खोटी पावती जोडली की पहिल्या भानगडीवर दुसरी चढते, ती जास्त महाग पडते.

चांगला सल्लागार, मग तो सीए असो, वकील असो की माझ्यासारखा, आधी तुमचं भरलेलं रिटर्न उघडून ओळ न ओळ तुम्हाला मराठीत वाचून दाखवतो. खरं काय, खोटं काय, हे वेगळं करतो. त्या ऑपरेटरच्या बाबतीत भाडं खरं निघालं, आईवडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता खरा निघाला आणि तो एजंटनं लावलाच नव्हता! तेवढा बोजा कमी झाला. आलेली नोटीस खरी आहे का हेही तो बघतो. खात्याच्या पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो, तो पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. शिवाय फी आधी सांगतो, पावती देतो आणि टक्केवारी मागत नाही. रिफंडवर टक्का मागणारा दिसला की चपला घाला आणि उठा.

कंपन्यांच्या एचआरवाल्यांना आणि युनियनच्या मित्रांना एक विनंती. कॅन्टीनमध्ये एक तास द्या, आम्ही दोघं-तिघं फुकट येऊन बोलू. नावं विचारणार नाही, कुणाला उभं करणार नाही. लोक एकट्यानं यायला लाजतात, घाबरतात, आणि तोवर मार्च येतो.

बाकी ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी दुपारी तीननंतर या. पॅन, आधारला जोडलेला मोबाईल, चारही वर्षांचे फॉर्म १६ आणि ज्या खात्यात रिफंड आला त्याचं पासबुक एवढं आणा. एजंटचा नंबर आणि त्याला गुगल पे केल्याचे मेसेज डिलीट करू नका, लागतील. आणि घरी बायकोला किंवा नवऱ्याला आधी सांगा. परवा एक जण आला तो लपूनछपून आला होता, आणि रक्कम ऐकल्यावर पहिलं हेच म्हणाला, "घरी काय सांगू?"