घराला कुलूप किती महिने?

बीड जिल्ह्याची ओळख बाहेरचा माणूस दोनच शब्दांत करून देतो: दुष्काळ आणि ऊसतोड. पण हा जिल्हा सगळीकडे सारखा नाही. बालाघाटच्या डोंगररांगांनी त्याचे दोन भाग पाडले आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बाजूला हलकी, मुरमाड जमीन पुष्कळ. पावसाने ओढ दिली की आठ-दहा दिवसांत पीक माना टाकते. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे उतरले की गोदाकाठची काळी जमीन लागते. तिथे कापूस, ऊस आणि जायकवाडी व माजलगाव धरणांच्या कालव्यांचे पाणी. म्हणून बीडमध्ये जगणे कसे आहे, याचे उत्तर गावागणिक निराळे मिळते.

माझी नोकरी अशा शिवारांतून फिरण्यात गेली. अनुभव असा, की माणसाला उत्पन्न विचारले तर तो आखडता हात घेतो. पण "घराला कुलूप किती महिने असतं?" असे विचारले की खरे ते सांगतो. कालव्याखालचा शेतकरी म्हणतो, "आमचं दार उघडंच असतं की!" घाटावरचा म्हणतो, "दिवाळी झाली की लागतं, ते पट्टा पडेपर्यंत." पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे. म्हणजे जवळजवळ पाच-सहा महिने.

वाचकांना ही रीत ठाऊक असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घ्यायची आणि हंगामात ती अंगमेहनतीने फेडायची. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकातही जातात. उचलीवर घर उभे राहते, लग्न पार पडते, हे कोणी नाकारत नाही. पण बायांशी बोलावे, म्हणजे दुसरी बाजू कळते. पहाटेपासून मोळ्या वाहायच्या, दुखणे अंगावर काढायचे, खाडा झाला तर पैसे कापले जायचे. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या झाल्या, की २०१९ साली राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. एक बाई मला म्हणाली, "साहेब, पैसा तिकडं मिळतो, पण पोरीची शाळा इथंच राहते." तिच्या या एका वाक्यात सारा हिशेब आला.

आता जिल्ह्यात रेल्वेची चर्चा आहे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. आष्टीपर्यंत गाडी धावली २०२२ साली आणि बीड शहराला ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तरुण पोरे खूश आहेत. एक म्हातारबा मात्र म्हणाले, "गाडी आली, चांगलं झालं. आता तिच्यात माल चढतो का माणसं, ते बघायचं."

मालाची उणीव नाही. बालाघाटच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण हे फळ पिकल्यावर दोन-तीन दिवसच टिकते. गर काढून गोठवण्याची सोय गावाजवळ झाली, तरच बांधावरच्या फळाचा चार पैसा गावात राहील. गेवराई तालुक्यातील रुई गावाने रेशीमशेतीत नाव काढले आहे. तुतीची बाग एकदा लावली की दहा-बारा वर्षे पाला देते. अळ्यांची एक बॅच महिन्याच्या आत कोषावर येते, म्हणजे वर्षातून अनेकदा हातात पैसा येतो. तुतीला पाणी लागतेच, पण उसापेक्षा पुष्कळ कमी. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात थेंब नाही, त्याने मात्र आधी पाणी अडवण्याचे पाहावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जिल्हा सुधारला का, हे ठरवायला मोठे आकडे लागत नाहीत. घरातल्या कॅलेंडरवर दर महिन्यापुढे लिहा: या महिन्यात पैसा कशातून आला आणि सगळे घरी होते का. बिनपैशाचे महिने कोणते, ते दिसले की जोडधंदा कोणता हवा, हे ठरवता येते. ज्यांना यंदा जावेच लागणार आहे, त्यांनी निदान मुलीला शाळेतून काढू नये. आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात तिची सोय दिवाळीपूर्वीच लावून ठेवावी.