छत्तीस गुण आणि चाळीस पत्रिका

आमच्या नोकरीच्या काळात बदलीचा हुकूम निघाला की रुजू होण्याची तारीख सरकार ठरवी; घराबाहेर पाऊल टाकण्याची वेळ मात्र पंचांग ठरवीत असे. बनारसहून पाटणा, पाटण्याहून लखनौ असे आम्ही हिंडलो, पण राहुकाळात आमचे सामान एकदाही हलले नाही. एरवी आम्ही स्वतःस पक्के विज्ञाननिष्ठ समजत होतो. त्याचे कारण बनारस! तेथील हिंदू विश्वविद्यालयात विष्णु वासुदेव नारळीकर गणित शिकवीत आणि त्यांचे चिरंजीव जयंत तेथेच लहानाचे मोठे झाले. त्या आवारातून फेरी मारणाऱ्या मराठी माणसाच्या अंगाला थोडे खगोलशास्त्र आपोआप लागते, अशी आमची समजूत होती.

ह्या जयंतरावांनी १९७४ साली एक गंमत केली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपल्या नावाने परीक्षक भारून जाऊ नयेत म्हणून आद्याक्षरे उलटी करून ते ‘नारायण विनायक जगताप’ झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी पत्नीच्या हातून लिहविली. पहिले पारितोषिक जगतापांनाच मिळाले! नाव झाकावे आणि मग पारख करावी, हा त्यांचा हट्ट. पुढे २००८ साली तोच हट्ट त्यांनी पत्रिकांच्या बाबतीत धरला. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या, नावे झाकली, आणि प्रत्येक ज्योतिषास चाळीस पत्रिका देऊन विचारले, मूल कोणत्या गटातले? एक्कावन्न जण पुढे आले, उत्तरे सत्तावीस जणांनी धाडली. अठ्ठावीस बरोबर आली तर उत्तीर्ण. सर्वांत वरचढ ठरला त्याची चोवीस आली. सरासरी शेकडा ४६. नुसते नाणे उडविते तरी शेकडा ५० च्या आसपास येती!

हे वाचून आम्ही मोठ्याने हसलो, आणि मग हसू जागीच राहिले. १९९६ साली मुलीसाठी आलेले नागपूरचे एक स्थळ आम्ही परत पाठविले होते. मुलगा तिला आवडला होता, तिच्या आईला आवडला होता. पण छत्तिसांत गुण जुळले चौदा, आणि हवेत अठरा. मुलगी इतकेच म्हणाली, “बाबा, तुम्ही तर नारळीकरांच्या बनारसचे ना?” दोन वर्षांनी तिचे लग्न झाले, ती सुखात आहे, पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडून राहिलेच. (आमचे व सौभाग्यवतींचे एकतीस गुण जुळले होते. चहात साखर किती, ह्यावर अजून जुळायचे आहे.)

गेल्या महिन्यात नातीचे जमत आले. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली, म्हणून मुलीचा फोन आला.

“आमच्या घरी पत्रिका पाहात नाहीत, असे कळव,” आम्ही म्हणालो.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग, “कळवते, बाबा.”

आम्ही मोठ्या समाधानाने फोन ठेवला. इतक्यात स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “मुहूर्त तरी पाहाल की नाही?”

आम्ही निमूटपणे चष्मा शोधू लागलो.