वाखरी ते पंढरपूर : चालणारे पाय, थांबलेले पाय

आषाढ शुद्ध दशमीच्या सकाळी मी वाखरीच्या तळावर पोहोचले, तेव्हा रात्रीच्या पावसाने काळी माती पायांना चिकटत होती. ठिकठिकाणच्या संतांच्या पालख्या येथे एकत्र येतात आणि पंढरपूर अवघे काही किलोमीटरवर उरते. राहुट्यांच्या दोऱ्यांवर ओली लुगडी वाळत होती, चुलींचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता. त्या अथांग गर्दीत दिंडीचा क्रमांक विचारीत मी माझ्या एका रुग्णाला शोधत होते.

मावशींचे वय बहात्तर. चार वर्षांपूर्वी त्या फलटण परिसरातील माझ्या दवाखान्यात आल्या, त्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूस झालेली जखम घेऊन. भोवतीची त्वचा काळपट व कडक झालेली, पोटरीवर निळसर, फुगलेल्या शिरा. मी मलमे दिली, प्रतिजैविके दिली, सूज उतरावी म्हणून लघवीच्या गोळ्याही दिल्या. आठ महिने जखम तशीच राहिली. चूक माझी होती. मी जखमेकडे पाहत होते, शिरेकडे नाही.

पायातील रक्त हृदयाकडे वर चढते, ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या बळावर. पाऊल पडले की स्नायू आवळतात, खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत. वय, अनुवंश, अनेक बाळंतपणे, वाढलेले वजन, उभ्याने करावे लागणारे काम यांमुळे या झडपा निकामी झाल्या की रक्त घोट्याशी साचते. मग पाय जड होतात, संध्याकाळी सुजतात, खाज सुटते, त्वचा काळवंडते आणि एखाद्या लहानशा खरचटण्याची महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते.

डॉपलर तपासणीत मावशींचा हाच दोष दिसला. पायाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह चांगला असल्याची खात्री करून आम्ही दर आठवड्याला थरांची दाबपट्टी बांधू लागलो. साडेतीन महिन्यांत जखम भरली. पुढे पट्टीची जागा दाब देणाऱ्या मोज्यांनी घेतली.

आणि यंदा मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, वारीला जाऊ का?”

त्यांच्या मुलाचा ठाम विरोध होता. आठ महिन्यांची ती जखम त्याने रोज धुतली होती. त्याची भीती मला कळत होती. पण शिरांच्या या विकारात चालणे शत्रू नसते. त्यांचे हृदय, रक्तदाब, साखर तपासून मी होकार दिला, तो अटींवर : फलटणपासूनच चालायचे, अनवाणी नाही, कापडी बूट घालून, मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवायचे आणि रात्री निजतानाच काढायचे, दुपारच्या विसाव्याला आडवे होऊन, वळकटीवर टाचा टेकवून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचे, निदान अर्धा तास.

वाखरीला मावशी सापडल्या त्या नेमक्या तशाच, वळकटीवर पाय ठेवून. मी घोट्याभोवती टेप फिरवली. फलटणला लिहून ठेवलेले माप आणि हे माप सारखेच होते. “माऊलींनी चालवलं,” त्या म्हणाल्या. मी हसले, पोटरीनेही चालवले होते.

दुपारनंतर पालख्या हलल्या. टाळमृदंगाच्या लयीत पंढरपुरात शिरलो, चंद्रभागेचे दर्शन घेतले आणि गोपाळपूरच्या दिशेने लांबलेल्या दर्शनरांगेत उभ्या राहिलो. येथे चालणे संपले. रांग दोन पावले सरकायची, मग अर्धा तास थांबायची. इतक्या दिवसांच्या वाटचालीने जे केले नव्हते, ते तीन तासांच्या उभे राहण्याने केले. मावशींच्या पायाची बोटे फुगली, मोज्याची वरची कड रुतू लागली, जुन्या व्रणाची जागा ठणकू लागली. मी त्यांना टाचा उचलायला, जागच्या जागी पावले टाकायला सांगितले. थोडे बरे वाटले. पण पुढे अख्खी रात्र उभी होती.

रांग सोडा, असे सांगायला माझी जीभ रेटेना. चौदा वर्षे त्यांनी दर आषाढीला विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले होते. शेवटी त्याच म्हणाल्या, “तो उभा आहे तेवढा पुरे, डॉक्टर. मला बसू द्या.”

आम्ही नामदेव पायरीपाशी माथा टेकवला, कळसाचे दर्शन घेतले आणि मुक्कामाच्या मठात आलो. मावशी भिंतीला पाय लावून निजल्या. डोळ्यांत पाणी होते, ते मी पुसले नाही. सकाळी सूज उतरली होती.

अशा पायांची काळजी घेणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. मोजे मापानेच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. मधुमेह असणाऱ्यांनी, तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी आधी धमन्या तपासून घ्याव्यात, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर दाब घातक ठरतो. त्वचा कोरडी पडू देऊ नये. दोन्ही पाय सुजत असतील, तर हृदय, मूत्रपिंड आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांचाही विचार व्हायला हवा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर रुग्णाला आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

या उपायांनी बिघडलेल्या झडपा दुरुस्त होत नाहीत. गरज पडल्यास शस्त्रक्रिया किंवा लेझरचा मार्ग असतोच. परंतु रोजच्या नेमाने पाय चालते राहतात, हे मी पाहिले आहे. मावशींच्या घरी आता रोज पहाटे त्यांचा मुलगाच त्यांना मोजे चढवतो. पुढच्या आषाढीला तोही दिंडीत चालणार आहे.