‘इतनाइच’ आणि ‘नक्को’

यंदाच्या वळवाने भालकी तालुक्यातील आमच्या शेतात चिंचेचे झाड विहिरीवर आडवे पडले. वडिलांनी पूर्वी घेतलेली पेट्रोलवरची साखळी-करवत आम्ही बाहेर काढली. दोरी ओढून हात भरून आले, पण यंत्राने हुंकारही दिला नाही. त्या बनावटीची करवत आता बाजारात मिळत नाही. गावच्या मिस्त्रीने ‘इंजिन गेले, भंगारात घाला’ असा निकाल दिला. इतकी वर्षे वकिली करूनही आम्ही तो निकाल पुराव्याविना मान्य करण्याच्या बेतात होतो. परंतु वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ टाकवेना. अखेर करवत घेऊन आम्ही हैदराबादेस निघालो आणि राणीगंजच्या यंत्रबाजारात जाऊन थडकलो.

“सगळेच बिघडले असेल,” आम्ही म्हणालो. उस्तादांनी मान हलवली. त्यांनी प्रथम दोरी सावकाश ओढली. हाताला दाब लागला, म्हणजे पिस्टन शाबूत होता. प्लग काढला, तो कोरडा निघाला. प्लग सिलिंडरच्या अंगाला टेकवून पुन्हा दोरी ओढली; निळी ठिणगी उडाली. मग प्लगच्या भोकात तेलमिश्रित पेट्रोलचे चार थेंब सोडून प्लग बसवला. यंत्र क्षणभर धडधडले आणि विझले. ठिणगी आहे, दाब आहे; पेट्रोल तेवढे पोहोचत नाही. उस्ताद म्हणाले, “कार्बोरेटरमेंइच है. इतनाइच.”

वाचकहो, दखनीतील हा ‘इच’ म्हणजे आपला ‘च’ होय, असे भाषाभ्यासक मानतात. १९५६ साली हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली, आपला बीदर तिकडे गेला, उदगीर-निलंगा इकडे आले. परंतु आपला ‘च’ त्या शहराच्या जिभेवर तसाच राहिला. आम्ही ‘सगळेच’ म्हणालो, त्यांनी ‘इतनाइच’ म्हटले. अक्षर एकच, आमच्या तोंडी ते हताशपणाचे, त्यांच्या तोंडी निदानाचे.

कार्बोरेटरमधील रबरी पडदा कडक होऊन तडकला होता. या करवतीचा पडदा मिळणार कोठे? उस्तादांनी करवतीचे नावही विचारले नाही. कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक वाचला. तोच कार्बोरेटर अन्य यंत्रांनाही बसवलेला असतो, त्यामुळे दुर्मीळ करवतीचा पडदा शेजारच्या दुकानात सापडला. सोबत पेट्रोलची चिरलेली नळीही बदलली. निघताना त्यांनी बजावले, “टाकीमें पेट्रोल छोडके नक्को रखो.” इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. हा ‘नक्को’ही आपलाच.

चिंच कापून झाली, विहीर मोकळी झाली. आता सीमाभागातून येणारे अर्ज वाचताना आम्हास उस्ताद आठवतात. ‘मराठी संपली’ एवढेच त्यांत असते. अल्पसंख्याक भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, हा अनुच्छेद ३५०क त्याच १९५६ सालचा. त्याचा आधार घ्यायचा तर शाळा कोणती, इयत्ता कोणती, शिक्षक नाही की पुस्तके आली नाहीत, हे अर्जात स्पष्ट हवे. यापुढे अर्ज लिहिताना ‘सगळेच’ नक्को. दोष जेथे असेल, तेथेच बोट ठेवावे.