बर्फावरचा भरवसा

आपल्या शाळेतली काही मुले सुट्टीत भोंगीरच्या खडकावर चढाई शिकायला जातात. याच खडकावर शिकलेली मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी, वय चौदाही पूर्ण नसताना, एव्हरेस्टवर पोचली. हे मुलांना पाठ असते. त्याच मोसमात, 18 एप्रिलला, एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या वाटेवर बर्फ कोसळून 16 जण दगावले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. (पूर्णा तिबेटच्या बाजूने चढली.)

भोंगीरचा खडक काल होता तसाच आज असतो. बर्फाचे तसे नाही. माझी लेक दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात केदारकंठाला निघाली, तेव्हा आजीने कानटोपी आणि डिंकाच्या लाडवांचा विचार केला, मी उतारांचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडा, म्हणून धोकाही थोडा, असे आपल्याला वाटते. पण तो पातळ थर निरभ्र, कडाक्याच्या रात्रींत पडून राहिला, की खालून जमिनीची ऊब आणि वरून गारठा यांमुळे त्याचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवा जड थर बसला, की साखरेवर फरशी ठेवल्यासारखेच! एका माणसाच्या वजनानेही ती सुटते. फार उभ्या उतारावर बर्फ साचत नाही, सपाटीवर घसरत नाही. 30 ते 45 अंशांचा मधला उतारच घातकी.

गाडला गेलेला माणूस पहिल्या पाव तासात सापडला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. सोबत्यापाशी बीकन, लांब सळई आणि फावडे असेल तरच उपयोग.

मी पथकप्रमुखांना फोनवर एकच विचारले, "परत फिरायचे कोण ठरवणार?"

"मी. आणि पैसे परत मिळत नाहीत, तेही ऐकून ठेवा."

उत्तर मला आवडले. रात्रभर बर्फ पडला म्हणून त्यांनी शिखराच्या दीड तास अलीकडून सगळ्यांना खाली आणले. लेक घरी येऊन दोन दिवस फुगून बसली. आजी म्हणाली, "धड आलीस ना? मग झाले!"

आता तिला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करायचा आहे. संस्था 1965 सालची, नावाजलेली. पण 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर तिच्याच प्रगत वर्गाच्या तुकडीवर हिमस्खलन झाले. किमान 27 जण गेले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. जाणकारांनाही बर्फ चकवतो, हे लेकीला माहीत आहे. शिकायचे तर जाणकारांकडेच, असे ती म्हणते, आणि मला ते खोडता येत नाही. अर्ज टेबलावर आहे. पालकाच्या सहीची जागा अजून कोरी आहे.