बोकडाचे वाटे

लातूर-नांदेडकडच्या कंदुरीत, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणात, नवस हिंदू घरातला असला, तरी सुरी बहुधा मुस्लिम मुलाण्याच्या हातात असते. घरधनी बोकडाला हळद-कुंकू लावतो, अंगावर पाणी शिंपडतो आणि वाट बघतो. बोकडाने अंग झाडलं की देवाने पत्करलं. पुढचं काम मुलाण्याचं, आणि त्याचा वाटाही ठरलेला. प्राचीन इस्रायलींचे बलिविधी हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि वर्गात मी सुरुवात इथूनच करतो. बायबलमधलं ‘लेवीय’ हे पुस्तक भल्याभल्यांना रटाळ वाटतं. कंदुरीला जेवलेल्या पोरांना ते लगेच कळतं.

लेवीयात कामांची वाटणी मात्र उलटी आहे. जनावर आणणाऱ्यानेच त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि स्वतःच सुरी चालवायची. पुरोहिताचं काम नंतरचं: रक्त वेदीपाशी नेणं, तिच्यावर शिंपडणं. जनावराची संमती कुणी विचारत नाही, फक्त ते आंधळं-लंगडं नको. कापायला पुरोहित लागतोच असं नाही, रक्ताला मात्र लागतो. कारण प्राण रक्तात, आणि म्हणूनच ते खायला सक्त मनाई. आपण रक्ती परतून खातो. नांदेडला शिखांच्या तख्त श्री हजूर साहिबात ठरावीक सणांना झटक्याच्या बोकडाच्या रक्ताने शस्त्रांना टिळा लावण्याची परंपरा आहे. इस्रायली पापार्पणात पुरोहित बळीचं रक्त बोटाने वेदीच्या शिंगांना लावत असे. अशा शिंगांच्या एका वेदीचे दगड १९७३ मध्ये इस्रायलमधल्या बेअर-शेवाच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ योहानान आहारोनींना सापडले, तेही कोठाराच्या भिंतीत चिणलेले. लेवीयाचे भाष्यकार जेकब मिलग्रोम म्हणत, माणसांच्या चुकांनी मंदिर मळतं, हे रक्त ते धुण्यासाठी. मला हे पटतं, कारण पापार्पणाचं रक्त पाप करणाऱ्याच्या अंगाला लावतच नाहीत.

आता वाटे. होमार्पणात सगळं जनावर जाळायचं, कातडं तेवढं पुरोहिताचं. शांत्यर्पण म्हणजे मात्र अस्सल कंदुरी: चरबी देवाला, ऊर आणि उजवी मांडी पुरोहितांना, बाकीचं घरच्यांना आणि आवतण दिलेल्यांना. नवसाचं मांस दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. आपल्याकडेही कित्येक घरांत कंदुरीचं मटण देवापाशीच संपवतात, घरी नेत नाहीत. अख्खं जनावर एका घराला संपत नाही, तेव्हा भावकी, शेजारीपाजारी बोलवावेच लागतात. धर्माचा अभ्यासक रॉबर्टसन स्मिथ याने १८८९ मध्ये बलीचं मूळ देव आणि कुळ यांच्या सहभोजनात शोधलं. शांत्यर्पणापुरतं ते खरं मानू; पण होमार्पणात जेवायला उरतंच काय?

ऐपतीची सोयही लेवीयात आहे. काही पापार्पणांत शेळी-मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसतील तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ. बोकड नाही तर कोंबडं, कोंबडं नाही तर नारळ, हे आपल्या आजीला कुठल्या ग्रंथातून शिकावं लागलं नाही.

या सगळ्यावर चिडलेली माणसं दोन्हीकडे होती. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला इस्रायली संदेष्टा आमोस बलींना झिडकारतो, पण त्याला जनावराची कणव आलेली नसते. गरिबांना नाडून वेदीपाशी येणाऱ्यांवर त्याचा राग आहे. गाडगेबाबा कीर्तनात बोलत ते मुक्या जिवाबद्दल आणि नवसापायी काढलेल्या कर्जाबद्दल. दोघांना एकाच माळेत ओवणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. ती मला घाईची वाटतात.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि तिथली वेदी थंडावली. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी नवस मात्र सोडला नाही. एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सोबत फळं. आशीर्वाद म्हणून झाले की ताट सगळ्यांत वाटायचं. काही अभ्यासक त्याचं नातं लेवीयातल्या अन्नार्पणाशी जोडतात. मला मात्र त्याचं शेजारचं नातं जवळचं वाटतं: आमच्याकडे दर्ग्यात चपाती-गुळाचा मलिदा वाटतात, त्याच्याशी.