दोन दीनार आणि एक रात्र

सिंगापूरमध्ये हौगांगला अप्पर सेरंगून रोडवर पवित्र मरियेच्या जन्माचं जुनं चर्च आहे. इमारत १९०१ सालची, गॉथिक वळणाची. तिओच्यू ही चिनी बोली बोलणाऱ्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उभी राहिलेली. आम्ही वसईकर इथे सहज रुळलो. रविवारी मिस्साला दानासाठी आता पाकीट काढावं लागत नाही; क्यूआर कोडसमोर मोबाइल धरला की झालं. या शहरात शनिवारची दुपार देणं मात्र जिवावर येतं.

संत लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी मी हल्ली फार सावकाश वाचते. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, पण ते दुसऱ्या दिवशी. त्याआधी त्याने जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेऊन त्याची सेवा केली. निघताना परत येण्याचा शब्दही दिला. आणि दीनार म्हणजे तरी काय? द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी. त्या दोन नाण्यांतही घामाचे दोन दिवस होतेच. म्हणून पैशाला कमी लेखणं मला पटत नाही. इस्पितळाचं बिल नुसत्या मायेने भरता येत नाही.

पैसा आणि स्वतःचं जाणं, दोन्ही लागतं. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं. त्या मदतीवर शारदा सदन उभं राहिलं. पण १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात रमाबाई स्वतः गेल्या, उपासमारीतल्या मुली शोधून बरोबर घेऊन आल्या. ते काम बोस्टनच्या डॉलरांनी परस्पर होणारं नव्हतं.

स्वतः जाण्याची ती गरज इथेही आहे. सिंगापूरच्या दर पाच नागरिकांमागे जवळपास एक जण आता पासष्टीपलीकडचा आहे. घरभेटीला मी जिच्याकडे जाते ती अह-मा, म्हणजे आजी, एकटीच राहते, फक्त तिओच्यू बोलते. जाळीचं दार उघडायला तिला वेळ लागतो. मग औषधांचा डबा पुढे येतो; सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे. मी गोळ्या भरते, ती एकेकीवर बोट ठेवून पुन्हा मोजते. चुकले तर मनगटावर हलकी चापट. सगळं बरोबर निघालं की संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात.

किराणा तिला घरपोच येतो. मोजताना शेजारी बसायला मात्र माणूसच लागतं. आणि दुपार आधीच राखून ठेवली नाही, तर उरलेल्या वेळात ती कधीच सापडत नाही. चर्चच्या घरभेटींच्या यादीत या महिन्याचे दोन शनिवार अजून रिकामे आहेत. मिस्सानंतर मी त्यासाठीच दाराशी थांबते, ओळखीच्यांना विचारते.